पेशंट किती आणून देणार, बोला!

सदर : नऊ ते साडेसहा

हॉस्पिटल, केअर सेंटर, सामाजिक संस्था... इथेही आता मार्केटिंगचा कन्सल्टंट येतो. एकटा, लॅपटॉपवाला, कोणत्याही एजन्सीचा नसलेला. त्याच्याबरोबर काम करायची जबाबदारी तुमच्या टेबलावर येऊन पडली, तर?

सिग्नलला गाडी थांबली की जरा मान वर करून बघा. टू-बीएचके, शेजारी सोन्याचं एक्स्चेंज आणि दोघांच्या मधोमध पांढऱ्या कोटात हाताची घडी घालून हसणारे डॉक्टर. गुडघे बदला. चष्मा घालवा. आई व्हा! ज्या मंडळींची अख्खी जाहिरात म्हणजे ‘वेळ : सकाळी १० ते १, सायं. ६ ते ९, रविवारी बंद’ एवढी एक पाटी असायची, ती आता चाळीस फुटी होर्डिंगवर जाऊन बसलीयेत.

बड्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांचं सोडून द्या. त्यांच्याकडे मार्केटिंगचं अख्खं डिपार्टमेंट असतं, एजन्सी असते, बजेट असतं. खरी गंमत मधल्या फळीत आहे. तीस-चाळीस बेडचं नर्सिंग होम, तीन शाखांचं फिजिओ सेंटर, वृद्धांचं केअर सेंटर, व्यसनमुक्तीचं काम करणारी संस्था. यांना लोकांपर्यंत पोचायचंय, पण एजन्सी परवडत नाही. मग कोणीतरी कोणालातरी एक नंबर देतं आणि एके दिवशी पाठीला सॅक लावून एकटाच माणूस हजर होतो. आधी फार्मात, नाहीतर इन्शुरन्समध्ये, नाहीतर मोठ्या हॉस्पिटलच्या ब्रँडिंगमध्ये दहा-बारा वर्षं काढलेला. आता स्वतःच बॉस आणि स्वतःच प्यून.

त्यात शब्दाचा घोळ. हॉस्पिटलात ‘कन्सल्टंट’ म्हणजे व्हिजिटला येणारा स्पेशालिस्ट डॉक्टर. त्यामुळे हा बिचारा रिसेप्शनवर “मी कन्सल्टंट” म्हणाला की सिस्टर विचारतात, “कुठला पेशंट बघायचाय सर?”

आणि त्याच्यासोबत बसणार कोण? मोठे सर ओटीत असतात, मॅडम अकाउंट्स बघतात. म्हणजे राहिलात तुम्ही! एमएचए किंवा एमबीए केलेले, ‘मॅनेजर – ऑपरेशन्स’ अशी भारी पाटी असलेले आणि प्रत्यक्षात जनरेटरच्या डिझेलपासून नातेवाइकांच्या भांडणापर्यंत सगळं निस्तरणारे.

माझ्या एका मैत्रिणीचं हेच झालं. पुण्याच्या वेशीवर एका केअर सेंटरमध्ये ती मॅनेजर आहे. तीस बेड, त्यातले अकरा रिकामे. मालक डॉक्टर, ज्यांना सगळेच ‘सर’ म्हणतात, मनाने अगदी भला माणूस. पण बँकेच्या हप्त्याला भलेपणा कळत नाही. तर कन्सल्टंट मॅडम आल्या. सरांनी चहा मागवला आणि चहा यायच्या आत मुद्द्यावर आले, “पेशंट किती आणून देणार, बोला. एका ॲडमिशनमागे पाच हजार तुमचे.”

मॅडमनी डायरी उघडली. “सर, आधी एक सांगा. रात्री साडेदहाला तुमचा फोन कोण उचलतं?”

सरांनी मैत्रिणीकडे बघितलं. मैत्रिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मॅडमनी आदल्या रात्री फोन लावून पाहिला होता, आईसाठी चौकशी करणारी मुलगी म्हणून. वॉचमनकाकांनी उचलला. “आत्ता कोणी नाय, सकाळी करा.” सकाळी सहाला पुन्हा केला, तर कोणीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, रात्री साडेदहाला केअर सेंटरला फोन करणारं आहे कोण? तर, तुमच्या-माझ्यासारखंच कोणीतरी. ऑफिस संपलं, स्वयंपाक झाला, पोरं झोपली. आई पलीकडच्या खोलीत आहे, म्हणून बाल्कनीचं दार ओढून घेऊन हळू आवाजात केलेला फोन. हा फोन करायला माणसाने कित्येक दिवस धीर गोळा केलेला असतो. नाहीतर तो परदेशातून येतो. न्यू जर्सीत रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच-साडेसहा. दहा ते सहा रिसेप्शन चालू ठेवणारं सेंटर या दोघींनाही भेटतच नाही! आणि “सकाळी करा” ऐकलेली बाई सकाळी पुन्हा करत नाही. ती पुढचा नंबर लावते.

मॅडमचं पहिलं ‘मार्केटिंग’ काय होतं? एक मोबाइल. तो रात्री कोणाकडे राहील याची पाळी लावली : दोन सिनियर सिस्टर आणि मैत्रीण. फोनवर काय विचारायचं, याचं एक पान लिहून दिलं. त्यातला पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ हा नव्हता. ‘आई रात्री नीट झोपतात का?’ हा होता. सर हिरमुसले. “एवढ्यासाठी तुम्हाला बोलावलं?”

मंडळी, सरांना हसू नका. तुमच्या-माझ्या ऑफिसातही स्वतंत्र कन्सल्टंटकडे असंच बघतात. छापलेलं काहीतरी हातात पडलं की पैसे वसूल. ब्रोशर, स्टँडी, रील. नुसत्या प्रश्नांचे पैसे? एजन्सी निदान दहा माणसं घेऊन येते, एसी रूममध्ये प्रेझेंटेशन देते, त्यामुळे बिल देताना तेवढं लागत नाही. हा एकटा माणूस मात्र तुमच्याच ओपीडीच्या बाकड्यावर दोन दिवस बसून राहतो आणि मग सांगतो की तुमच्या पार्किंगमधून व्हीलचेअर आत येत नाही. हे आपल्याला माहीतच होतं की! माहीत होतं, पण कोणी बोललं नव्हतं.

असो. पैशांवर येते, कारण सगळा खेळ तिथे आहे.

मॅडमनी ॲडमिशनमागे पाच हजार घ्यायला नकार दिला. महिन्याचे चार दिवस, ठरलेली फी, तीन महिन्यांचा करार. सरांना वाटलं, बाईंना स्वतःच्या कामाचा भरवसा नाही. रिझल्टवर पैसे घ्यायला का घाबरतात? आपल्या सेल्सवाल्या दोस्तांनाही असंच वाटेल. टार्गेट, इन्सेंटिव्ह, हाच तर आपला ऑक्सिजन.

पण या धंद्यात माणूस आणून दिल्याबद्दल पैसे घेण्याला एक जुनं, सगळ्यांना पाठ असलेलं नाव आहे. कट! गल्लीतल्या जीपीने पेशंट वर पाठवला की पाकीट. पॅथॉलॉजी लॅबचं पाकीट, सीटी स्कॅनचं पाकीट. छोट्या हॉस्पिटलांत ‘पीआरओ’ नावाचा एक प्राणी असतो, त्याचं काम बाइकवरून जीपींकडे फिरणं आणि हे संबंध ‘जपणं’. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या आचारसंहितेत हे स्वच्छ लिहिलेलं आहे : पेशंट पाठवल्याबद्दल, सुचवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल डॉक्टरने कमिशन द्यायचं नाही, घ्यायचं नाही, मागायचंही नाही. कन्सल्टंट मॅडम डॉक्टर नाहीत, मान्य. पण पाच हजार देणारे सर आहेत ना!

२०१७ साली मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचं होर्डिंग लावलं, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने त्यावर आक्षेप घेतला होता. सगळ्याच डॉक्टरांची बदनामी होते म्हणून. दोन्ही बाजूंचं म्हणणं तुम्हीच तोला. पण ‘कमिशन नाही’ हीच होर्डिंगवर झळकवण्यासारखी गोष्ट ठरावी, यातच सगळं आलं.

तर, हा कायद्याचा भाग झाला. त्यापलीकडचा भाग मैत्रिणीला एका रविवारी कळला.

मॅडमनी दुसऱ्या आठवड्यात एक पान लिहून घेतलं होतं : ‘आपण कोणाला घेऊ शकत नाही’. मैत्रीण वैतागली होती. अकरा बेड रिकामे आणि ही बाई नाही म्हणायची यादी करतेय! पण सिस्टर, मावशी, वॉर्डबॉय सगळ्यांना समोर बसवून, रात्री काय काय होतं ते विचारून ती यादी झाली. रात्री एकोणीस माणसांसाठी दोन मावशी आणि गेटवर एक वॉचमन. गेटपासून हायवे हाकेच्या अंतरावर. म्हणून यादीतला एक मुद्दा असा : डिमेन्शियाचे जे पेशंट रात्री उठून बाहेर पडतात, त्यांना तिसरी मावशी आणि दाराचा अलार्म होईपर्यंत घ्यायचं नाही. खाली सरांची सही.

रविवारी दुपारी एक मुलगा वडिलांना घेऊन आला. मुलगा म्हणजे पंचेचाळिशीचा. वडील निवृत्त शिक्षक, स्वच्छ शर्ट, खिशाला पेन. रात्री दोनला उठून ‘शाळेला उशीर होतोय’ म्हणत निघतात. बायको वैतागून माहेरी गेलेली, सोमवारी याची दिल्लीची फ्लाइट. डिपॉझिटची रक्कम पाकिटात तयार. मैत्रीण एकटीच ड्युटीवर. तिने सरांना फोन लावला. सर म्हणाले, “घे गं, बघू नंतर. मावशी शोधतोच आहे आपण.”

तिने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, “तुमच्या पगाराच्या चेकवर माझी सही नसते, त्यामुळे नाही म्हणा असं मी सांगू शकत नाही. पण ते पान सरांनी सही केलेलं आहे. त्यांना फोनवर वाचून दाखवा.”

तिने वाचून दाखवलं. हात थरथरत होते, असं ती म्हणते. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही, मग नुसतंच “हं”. तिने त्या मुलाला रात्रीचा पुरेसा स्टाफ असलेल्या दोन-तीन जागांचे नंबर लिहून दिले, एके ठिकाणी स्वतः फोन लावून दिला. तो भडकलाच. “घ्यायचंच नाही तर जाहिरात कशाला करता?” वडील तेवढ्यात रिसेप्शनवरच्या रजिस्टरमधली स्पेलिंगं तपासत होते.

आता विचार करा. मॅडमची फी ॲडमिशनमागे असती, तर त्या फोनवर पाच हजार रुपये त्यांच्या कानात काय कुजबुजले असते? त्या वाईट आहेत म्हणून नव्हे. कोणाच्याही कानात कुजबुजतातच. सर हप्त्याच्या ओझ्याखाली होते, मुलगा फ्लाइटच्या, मैत्रीण नोकरीच्या. त्या चौघांत एकच माणूस असा होता ज्याला त्या बेडवरून एक रुपयाही सुटणार नव्हता. म्हणून तर तिचं पान वाचता आलं.

आणि हे एकट्या सेंटरचं प्रकरण नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार आपल्या देशात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, डिमेन्शिया आहे. पाकीट तयार ठेवून दारोदार फिरणारे मुलगे आणि मुली वाढतच जाणारेत. त्यातले काही या पानाचे वाचक असतील.

बरं, मग करायचं तरी काय? जाहिरात करायचीच नाही का?

करायची की. पण कुठल्या हद्दीत, ते आधी कळायला हवं. चांगला कन्सल्टंट पहिल्याच मीटिंगमध्ये हे काढतो. तो काढत नसेल तर तुम्ही काढा. २००२ च्या त्याच नियमांत पेशंटना खेचून घेणं अनैतिक ठरवलंय. डॉक्टर पेपरात काय देऊ शकतो? प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, रजेवर होतो, परत आलो. आणि हो, फी जाहीर करू शकतो. वाजवीपेक्षा मोठी पाटीसुद्धा चालत नाही! तरी होर्डिंगं कशी, असं विचाराल. कौन्सिलचा हात पोचतो तो नोंदणीकृत डॉक्टरांपर्यंत, हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपन्यांवर त्याचा तसा जोर चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांसाठी नवे नियम आणले, ज्यात सोशल मीडियावरही कलमं होती. तीन आठवड्यांत ते स्थगित झाले आणि २००२ चीच गाडी पुन्हा रुळावर आली.

त्याहून जुना कायदा १९५४ चा, औषधं आणि जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींवरचा. मधुमेह, कॅन्सर, अपस्मार, पक्षाघात अशा आजारांची एक यादीच त्यात आहे. ‘आमच्या औषधाने हे बरं होतं’ अशी जाहिरात करायची नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केलीत तर पन्नास लाखांपर्यंत. ‘१०० टक्के गॅरंटी’ हे शब्द लिहिणाऱ्या डिझायनरला हा आकडा दाखवा, तो लगेच दुसरा फॉन्ट शोधायला लागेल.

मात्र सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो फोटोंचा. सेंटरमध्ये आजींचा वाढदिवस, केक, डोक्यावर कागदी टोपी. कसला गोड फोटो! लगेच पेजवर. मॅडमनी विचारलं, “यांची परवानगी घेतली?” मैत्रीण म्हणाली, “मुलाने फॉर्म भरलाय.” “त्यांची?” आजींना आज कुठला वार आहे ते सांगता येत नाही, त्या कशाची परवानगी देणार? मुलाने सही केली हे खरं, पण पेजवर टोपी आजींच्या डोक्यावर आहे. त्या आयुष्यभर कॉलेजात शिकवत होत्या आणि त्यांचे विद्यार्थी फेसबुकवर आहेत.

व्यसनमुक्ती किंवा मानसिक आजाराच्या केंद्रात असाल तर विषय आणखी कडक. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक विकारही येतात आणि उपचार घेणाऱ्याचा फोटो वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. मुलांच्या संस्थांचं तर विचारूच नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. आणि तरी देणगीच्या पत्रकांवर तेच डबडबलेले डोळे! ‘फोटोशिवाय लोक पैसे देत नाहीत’ असं सांगणारा कन्सल्टंट भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. मॅडमनी सेंटरच्या पेजवर काय टाकलं? स्वयंपाकघर. आठवड्याचा मेन्यू. रात्रपाळीच्या मावशींचे हात, त्यांच्या परवानगीने. आणि दरपत्रक. खोलीचं भाडं किती, डायपरचे वेगळे किती, डॉक्टरांच्या व्हिजिटचे किती, डिपॉझिट परत कधी. सर आधी तयारच होईनात. कॉम्पिटिशन वाचेल म्हणाले. कॉम्पिटिशन आधीच मुलगी म्हणून फोन करून सगळं विचारून बसलेली असते, हे त्यांना कोण सांगणार!

‘मार्केटिंग’ शब्दानेच ज्यांचं नाक मुरडतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी ‘सोशल मार्केटिंग’ या कल्पनेवर लेख लिहिला तो १९७१ साली. आपल्या सरकारने ‘निरोध’ बाजारात आणला तो त्याच्याही आधी, १९६८ मध्ये. पंधरा पैशांना तीन! आणि पोचवला कोणी? हिंदुस्थान लिव्हर, ब्रुक बाँड अशा साबण-चहा विकणाऱ्या कंपन्यांच्या दुकानसाखळीने. पानाच्या टपरीपर्यंत.

मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय घ्या. डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये अकरा खाटांवर सुरू केलेलं. गावोगाव शिबिरं घ्यायची, मोतीबिंदूचे पेशंट शोधायचे, ऑपरेशन फुकट. तरीही सांगितलेल्यांपैकी पुष्कळ लोक यायचेच नाहीत. का? बसभाडं कोण देणार, तिकडे जेवायचं काय, सोबत कोण येणार. मग रुग्णालयाने ने-आण आणि जेवणही स्वतःकडे घेतलं. एखाद्या एजन्सीने याच प्रश्नावर आणखी मोठं पोस्टर काढलं असतं. आपल्या कन्सल्टंटकडून मागायची ती ही दृष्टी. लोक का येत नाहीत, हे शोधायला तो गावात जाणार आहे की कॅनव्हावर बसणार आहे?

तुम्ही कन्सल्टंट निवडायच्या खुर्चीत असाल, तर मी एकच प्रश्न सुचवते : “तुम्ही आजवर कुठलं काम नाकारलंत?” ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याला अजून हे क्षेत्र नीट भेटलेलं नाही. आणि कोणी ‘फाइव्ह स्टार रिव्ह्यूचं पॅकेज’ काढलं, की मीटिंग तिथेच आटपा. गुडघ्याचं ऑपरेशन कोणाकडे करायचं हे लोक ते तारे बघून ठरवतात हो.

आता थोडी कन्सल्टंटची बाजू, कारण तुमच्यातले निम्मे जण लंच टाइममध्ये ‘आपणही स्वतःचं काहीतरी सुरू करूया’ म्हणत असता. हा माणूस आजारी पडला तर त्याच्या जागी कोणी येत नाही. त्याचं बिल तुमच्या अकाउंट्सच्या ट्रेमध्ये ऑक्सिजन सिलिंडरवाल्याच्या खाली जातं, कारण सिलिंडर थांबला तर बोंब होते आणि कन्सल्टंट थांबला तर कोणाला कळतही नाही. दहा टक्के टीडीएस कापून उरलेले दोन-तीन महिन्यांनी. त्यात एक खास गोची. तो जीएसटीत नोंदलेला असेल तर बिलावर १८ टक्के लागतात. एखादी आयटी कंपनी हा टॅक्स पुढे वळता करून घेते. हॉस्पिटलच्या उपचारांना जीएसटीतून सूट आहे, त्यामुळे वळता करायला जागाच नाही. पन्नास हजारांची फी म्हणजे एकोणसाठ हजारांचा खर्च. हे पहिल्या दिवशी बोललं नाही तर तिसऱ्या महिन्यात सर आणि कन्सल्टंट दोघंही तुमच्याकडे असं बघतात, जणू तो टॅक्स तुम्हीच लावलाय.

आणि मधल्यामध्ये तुमचं होणारं सँडविच! सर सांगतात, “तिला सांग, रील पाहिजे.” ती सांगते, “सरांना सांगा, आधी बाथरूमचे हँडल.” निरोप्या बनू नका. आठवड्यातून वीस मिनिटं दोघांना समोरासमोर बसवा, ओटीच्या बाहेर उभं राहून का होईना. मैत्रिणीने हे पहिल्या महिन्यात केलं नव्हतं, दुसऱ्या महिन्यात सुरू केलं. त्यानंतर तिच्या मोबाइलवरचे सरांचे व्हॉइस मेसेज अर्ध्यावर आले.

चार महिने झालेत. अकरापैकी पाच बेड भरले, सहा अजून रिकामे. तिसरी मावशी मिळाली, दाराचा अलार्म बसला, यादीतला तो मुद्दा खोडला गेला. सरांनी करार वाढवलाय, फीवर मात्र घासाघीस चालूच. त्यांचा मेव्हणा त्यांना अजूनही सांगतो की एका होर्डिंगने काम झालं असतं.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला माहितेय? इंटरनेटच्या नकाशावर सेंटरचं नाव टाकलं की जी माहिती येते, ती मॅडमच्या आधीच्या एका ‘डिजिटल’वाल्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर बनवून ठेवली होती. तो बंगळूरला गेला, फोन उचलेना. तिथे जुनाच लँडलाइन नंबर झळकत होता. म्हणजे रात्रीच्या पाळीचा तो मोबाइल इकडे चार्ज होऊन तयार आणि बाल्कनीतली बाई तिकडे लँडलाइन वाजवतेय! मालकी बदलून घ्यायला सव्वा महिना गेला. तुमच्या हॉस्पिटलची ती नोंद कोणाच्या ईमेलवर आहे, आज लंच टाइममध्ये बघून घ्या.